उंबरा, पायरी, पलंग

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले घर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पायाखालून बदलले आहे. कारवीच्या कुडाला माती लिंपलेली, वर कौले, खाली शेणाने सारवलेली जमीन, अशी घरे डोळखांबच्या बाजूला आणि टोकावड्याच्या पुढे अजून दिसतात. पण आता नवे घर बांधायला काढले की ते विटांचे आणि स्लॅबचेच होते. त्यात वावगे काही नाही. दरवर्षी पावसाआधी शाकारणी करणाऱ्या आणि तरीही गळतीखाली भांडी मांडून रात्र काढणाऱ्या माणसाला स्लॅबचे सुख काय असते, ते त्यालाच ठाऊक. दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या मुलखात जोतेही उंच हवेच. म्हणून हातभराचे जोते दोन-अडीच फुटांचे झाले. ओट्यापुढच्या एका दगडाच्या जागी तीन-चार पायऱ्या आल्या. सारवणाच्या जागी चकचकीत टाइल्स आल्या. घराच्या बाहेरच्या अंगाने गच्चीवर जाणारा उभा जिना आला आणि त्याला कठडा बसवायच्या आत बहुतेकांचे पैसे संपले.

हे घर माणसाने स्वतःच्या सोयीने बांधले. त्याच्यामागून त्यात शिरलेला कुत्रा आणि मांजर मात्र जुनेच पाय घेऊन आले. मातीत नखे रोवून चालण्यासाठी घडलेले पाय टाइल्सवर फाकतात. तरुणपणी जनावर हे ताकदीवर निभावून नेते. वय झाले की ते निभत नाही.

ही पुस्तिका त्या पायांसाठी आहे. लहान चणीच्या आणि उतारवयाच्या पाळीव जनावरांना ओटे, पायऱ्या, पलंग, सोफे आणि गाड्या यांवर सुखरूप चढता-उतरता यावे म्हणून घरातल्या घरात काय करता येते, एवढाच तिचा विषय. विषय लहान वाटेल. पण बारा वर्षे राखण केलेला कुत्रा ज्या घराच्या ओट्याखाली उभा राहून वर बघत राहतो आणि चढत नाही, त्या घरात तो लहान नसतो.

गावातल्या कुत्र्याचे म्हातारपण ही तशी नवी गोष्ट आहे. पूर्वी गावचा कुत्रा एवढे जगतच नसे. पिसाळणे, पिल्लांना झोडपणारे जुलाबाचे रोग, साप, मुंबई-नाशिक रस्त्यावरची गाडी आणि बिबट्या, यांपैकी काहीतरी त्याला आधीच गाठायचे. सह्याद्रीच्या माथ्यावर, आपल्या तालुक्यांना लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या खाद्याचा अभ्यास केला होता. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या एकूण भक्ष्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. घाटाखालीही बिबट्या आहेच. तानशाच्या रानाकडेला, माहुलीच्या पायथ्याला, माळशेजच्या वाटेवरच्या वस्त्यांत दिवेलागणीनंतर कुत्रा मोकळा ठेवायला लोक धजत नाहीत. म्हणून तो पडवीत, लोखंडी ग्रिलच्या आत आला. लशीही मिळू लागल्या. आत आला म्हणून जगला, जगला म्हणून म्हातारा झाला, आणि म्हातारा झाला तो टाइल्सवर.

दुसऱ्या प्रकारचे घर शनिवार-रविवारचे. आसनगाव, वाशिंद, खर्डी, सरळगाव या पट्ट्यात आणि बारवी धरणाच्या आसपास मुंबई-ठाण्याच्या माणसांनी बंगले बांधले, फार्महाउसे घेतली. त्यांच्याबरोबर पॉम, पग, शिह त्झू, बीगल, डॅक्सहुंड, लॅब्रॅडोर अशी जनावरे या तालुक्यांत आली. आठवडाभर लिफ्टने वरखाली करणारे सहा किलोचे जनावर दोन-तीन तास गाडीत अवघडून बसते आणि फाटकाशी पोचताच डिकीतून थेट खडीवर उडी टाकते. मग आनंदाच्या भरात दोन मजले वर, दोन मजले खाली. रविवारी संध्याकाळी ते मागचा पाय उचलून चालत असते. अशा बंगल्यांत पोटमाळ्यावर नेणारे लोखंडी गोल जिने फार. त्यांच्या पायऱ्यांना मागची बाजू बंद नसते. पायरीच्या फटीतून खालचे दिसले की कुत्रा बावरतो, आणि बावरलेला कुत्रा अर्ध्या जिन्यात वळू बघतो. आम्हाला विचाराल तर लहान कुत्र्याला त्या जिन्यापाशी फिरकूच देऊ नये. खाली एक फाटक लावले की झाले.

या बंगल्यांबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. मालकाचा म्हातारा कुत्रा पुष्कळदा कायमचाच बंगल्यावर राहतो आणि त्याला सांभाळते ती तिथल्या राखणदाराची बायको किंवा मुले. त्याला पायरी उतरवतात ती, भरवतात ती, रात्री कण्हला तर उठतात ती. ही माणसे बहुतेक ठाकूर, कातकरी, कुणबी घरांतली. पुस्तिकेतली चित्रे मोठी आणि मजकूर थोडका ठेवला तो त्यांच्यासाठी. मालकांना एवढेच सांगणे की फळी-चटईचा खर्च आणि औषधाचे पैसे त्या घराच्या खिशातून जाऊ देऊ नका, आणि कुत्र्यामागे जाणाऱ्या वेळाचा मोबदला पगारात धरा.

आता शरीराकडे वळू. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. जिना उतरताना तो आणखी पुढे सरकतो, म्हणून खांदा, कोपर किंवा मनगट दुखणारे जनावर उतरायला घाबरते. चढताना उलट होते. सगळे अंग मागच्या पायांनी वर लोटावे लागते, म्हणून कंबर किंवा गुडघा गेलेले जनावर चढायला नकार देते. आपला कुत्रा चढताना थबकतो की उतरताना, एवढे दोन दिवस नीट पाहिले तरी दुखणे पुढे आहे की मागे याचा अंदाज येतो, आणि डॉक्टरांना सांगण्यासारखे काहीतरी हाती लागते. मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखे टणाटण चढणे, वळणावर बसकण मारणे, टाइल्सवर नखे घासल्याचा आवाज येणे, बसल्या जागेवरून उठायला दोन प्रयत्न लागणे, या सगळ्या तक्रारीच आहेत. कुत्रा दुखण्याने ओरडत नाही, म्हणून दुखत नाही असे धरले जाते. सांध्यांचे जुने दुखणे ओरडून सांगितले जात नाही. त्या जनावराची चाल पाहावी लागते.

लहान जातींचा प्रश्न वेगळा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच असावी. गावाकडे जागा कमी असली की मिस्त्री आठ-नऊ इंचांचीही काढतो. छोट्या जातीचा डॅक्सहुंड खांद्यापाशी पाच ते सहा इंच उंच असतो. म्हणजे नियमात बसणारी पायरीसुद्धा त्याच्या खांद्याच्या वर जाते. माणसाने प्रत्येक पावलाला खांद्याएवढी भिंत चढावी, असा तो जिना होतो. त्यातून या जातीचा कणा लांब आणि मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होणाऱ्या. त्यामागच्या जनुकीय बदलाचा शोध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१७ साली जाहीर केला. आखूड पाय आणि कमकुवत चकत्या यांचा धागा एकच निघाला. तेव्हा जिना हे या आजाराचे मूळ नव्हे, मूळ रक्तातच आहे. पण कडक झालेली चकती फुटून मज्जारज्जूवर दाबली गेली की कुत्रा कमरेखाली लुळा पडतो. गावात याला 'लकवा मारला' किंवा 'कमरेतून गेला' म्हणतात आणि सोडून देतात. सोडून देऊ नये. अशा वेळी त्याला चालवायचे नाही, बखोटीला धरून उचलायचे नाही, सपाट फळीवर आडवे घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पायाचे बोट जोरात चिमटले तरी कळत नसेल, तर तासांचा प्रश्न असतो.

पॉम आणि चिहुआहुआसारख्या हलक्या हाडांच्या जातींत सोफ्यावरून मारलेली उडीही पुढच्या पायाचे हाड मोडायला पुरते. त्यांच्या गुडघ्याची वाटीही जागेवरून सरकते. तीन पावले उड्या मारत जाऊन कुत्रा पुन्हा नीट चालू लागला, तर ती खोड समजू नका.

पिल्लांविषयी नॉर्वेतला एक अभ्यास या तालुक्यांना फार जवळचा आहे. लॅब्रॅडोर धरून मोठ्या चार जातींची पिल्ले तिथे वर्षानुवर्षे पाहिली गेली, निष्कर्ष २०१२ साली आले. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत रोज पायऱ्या चढणाऱ्या पिल्लांत खुब्याचा सांधा बिघडण्याचा धोका जास्त निघाला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळी फिरणाऱ्या पिल्लांत तो कमी निघाला. मऊ, उंचसखल जमीन म्हणजे आपले शेत, बांध, परस, पेंढ्याची खळी. मुरबाडच्या पिल्लाला ती फुकट मिळते. ती सोडून त्याला गच्चीच्या जिन्यावर खेळवायचे कारण नाही.

वजनाचेही इथेच सांगतो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर पाहिले गेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा अन्न कमी. कमी खाणारे कुत्रे सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले आणि त्यांचे सांधे उशिरा धरले. हे २००२ साली छापून आले. आपल्याकडे लाड म्हणजे चहाबरोबर बिस्किटे आणि उरलेला सगळा भात. बरगड्यांवरून हात फिरवला तर त्या हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर फळी-पायरी करण्याआधी ताट कमी करावे, कारण जास्तीचा प्रत्येक किलो प्रत्येक पायरीवर पुन्हा उचलावा लागतो.

घरात पहिले काम जिन्याचे नाही, जमिनीचे. पुष्कळ लोक थेट रॅम्प विचारतात. पण ज्या कुत्र्याचे पाय रॅम्पपर्यंत पोचेपर्यंतच दहा वेळा घसरतात, त्याला रॅम्पचा काय उपयोग? मोकळ्या कुत्र्याची नखे रस्त्यावर झिजतात, ग्रिलच्या आतल्याची वाढतात. वाढलेले नख पंजाची गादी जमिनीला टेकू देत नाही. म्हणून नखे आणि गाद्यांमधले केस कापणे हा पहिला उपाय. मग झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत, कुत्रा रोज चालतो तेवढाच पट्टा झाकायचा. त्यासाठी विकतची रबरी चटई मिळते, पण इथल्या घरांत तिच्याहून चांगली वस्तू बहुधा पडूनच असते. म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते, गुरांच्या बाजाराइतकीच ती घोंगड्यांसाठी नावाजलेली. विरलेले, पांघरायला नको झालेले घोंगडे कडेने शिवून खाली टाकावे. लोकर खरबरीत असते, नख धरते, ओली झाली तरी ऊब सोडत नाही. खाली मात्र रबराचा किंवा जाळीचा तुकडा हवा, नाहीतर घोंगडेच टाइल्सवरून सरकते. घोंगडे नसेल तर गोणपाट. प्लास्टिकची विणलेली गोणी नको, ती ओल्या पायाखाली निसटते.

दुसरे काम ओट्याचे, आणि ते या दोन्ही तालुक्यांत अर्धे झालेलेच आहे. रात्री मोटारसायकल पडवीत घ्यायची म्हणून लोक पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा अरुंद उतार काढतात. कुत्र्यांनी तो आपला मानलेला आहे. ज्या घराला असा उतार आहे, तिथला म्हातारा कुत्रा पायऱ्यांकडे वळतही नाही, हे आम्ही घरामागून घर पाहिले. अडचण दोन गोष्टींची. उतार फार उभा असतो, आणि गवंड्याने हातासरशी गुळगुळीत केलेला असतो. मोटारसायकलला इंजिन असते, म्हाताऱ्या कुत्र्याला नसते. एक फूट उंचीला तीन फूट लांबीची चढण, हे आमचे माप. म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला सहा फुटांचा उतार. फार थकलेल्या जनावराला एकास चार करावे. सिमेंट ओले असताना त्यावर काथ्याची जाड दोरी आडवी ठेवून दाबली आणि उचलली की दर दोन-तीन इंचांवर खाच उमटते. याला वेगळा खर्च नाही, मिस्त्रीला वेळेवर सांगायला हवे एवढेच. जुन्या गुळगुळीत उतारावर छिन्नीने टाके मारून घेता येतात, जसे जात्याला टाकी लावतात.

हेच माप घरातही चालते. दीड फूट उंच सोफ्याला साडेचार फुटांची फळी, दोन फूट उंच पलंगाला सहा फुटांची. पाऊण इंच जाडीचे प्लायवूड पुरते. चार फुटांहून लांब फळीला मधोमध खालून ठोकळा द्यावा, कारण फळी पायाखाली लवली की जनावर पुन्हा तिच्यावर पाय ठेवत नाही. वर घोंगडे किंवा काथ्या घट्ट ठोकावा आणि खिळ्यांची डोकी आत गेली का ते तळहाताने पाहावे. बांबूच्या कामट्यांची फळी इकडे सहज होते, पण कामटी निसरडी आणि फटीत बोट अडकते, तेव्हा ती नको. बैठ्या चालीच्या, जेमतेम चार-पाच किलोंच्या जनावराला फळीऐवजी चार इंची बुटक्या पायऱ्या दिल्या तरी चालतात. डॅक्सहुंडाला मात्र फळीच द्यावी.

पलंगाबद्दल घरोघरी दोन मते असतात. जनावराने पलंगावर यावेच का, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद नाही. पण मग त्याला जमिनीवर कुठे झोपवता, ते पाहायला हवे. पावसाळ्यात इथली फरशी पाझरते आणि आखडलेल्या सांध्यांना ती ओल बाधते. शिवाय मण्यार रात्री हिंडते आणि भुईवर निजलेल्याला चावते, हे इथे कुणाला शिकवायला नको. म्हाताऱ्या कुत्र्याला चटकन सरकताही येत नाही. म्हणून त्याला चार-सहा इंचांच्या पाटावर किंवा तुटक्या दिवाणाच्या फळीवर, भिंतीपासून हात-दीड हात दूर, जाड अंथरूण द्यावे. तेवढ्या उंचीलाही पुढे छोटी उतरती फळी लागते. पलंगाची सवय असलेल्या कुत्र्याला म्हातारपणी एकाएकी खाली झोपवले, तर तो रात्री अंधारात उडी मारायचा प्रयत्न करतो आणि आपटतो. सवय मोडण्यापेक्षा फळी लावणे सोपे.

अंधाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. कुत्र्याच्या डोळ्याचे भिंग वयाबरोबर निळसर धुरकट होते. त्याला पायरीची कड उजेडातही नीट कळत नाही, आणि इथे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते आपण जाणतो. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटे रुंद पांढरा किंवा पिवळा पट्टा रंगवावा. लाल रंगवू नये, कुत्र्याला लाल रंग वेगळा दिसत नाही. जिन्याच्या तोंडाशी एक सौर दिवा. जूनपासून बाहेरच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, ते ब्लीचिंग पावडरने काढल्यावर भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर जनावर पंजे चाटते आणि तोंड पोळते.

मांजरांवर पुस्तिकेत निराळे प्रकरण आहे, कारण मांजर फसवते. भाताच्या घरात मांजर म्हणजे उंदरांपासूनची राखण, आणि तिची जागा माळ्यावर. ती माळ्यावर जाईनाशी झाली की 'आळशी झाली' म्हणतात. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे अमेरिकेत तपासले गेले, त्यांत नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली. २००२ सालचे ते काम. मांजर लंगडत नाही, ती उड्या मारणे सोडते. आधी माळा सुटतो, मग खिडकी, मग खुर्ची. पाठ चाटायला वळता येत नाही म्हणून कमरेवरचे केस गुठळ्या धरतात. तिला मोठी फळी नको. एक फुटाच्या अंतरावर चढत्या उंचीची खोकी, कणगीशेजारी उलटी टोपली, त्यावर गोणपाट, आणि माळ्याच्या खांबाला काथ्याची दोरी गुंडाळलेली, एवढ्यात तिची चढण तयार होते. वरून खाली येण्याची सोयही तितकीच हवी. चढलेली म्हातारी मांजर वर अडकून ओरडत बसते.

हे सगळे वाचताना कुणाच्याही मनात एक प्रश्न येईल आणि तो यायलाच हवा. भातसा, तानसा, मोडकसागर यांचे पाणी मुंबईला पाठवणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन मैलभर चालतात. रस्ता नसलेल्या पाड्यांतून बाळंतिणीला झोळीत घालून खांद्यावर आणावे लागते. तिथे कुत्र्याच्या पायऱ्यांवर पुस्तिका काढणे शोभते का? आम्ही हा प्रश्न बाजूला सारला नाही. पाणी आणि रस्ता ही सरकारने द्यायची गोष्ट आहे आणि ती मागत राहिले पाहिजे. पुस्तिकेतल्या फळीसाठी कुणाच्या वाट्याचे काही कमी करावे लागत नाही. आणि ज्या ओट्यावर कुत्रा अडतो, त्याच ओट्यावर घरातली आजी भिंतीला हात लावून, एक पाय वर ठेवून दम खाते. गावोगाव हिंडताना हे जोडचित्र आम्हाला इतक्या ठिकाणी दिसले, की कठडा, बुटकी पायरी आणि दिवा यांची मापे आम्ही माणूस आणि जनावर दोघांना धरूनच दिली. दोन उंच पायऱ्यांमध्ये विटेची अर्धी पायरी घालायची, तर ती भिंतीच्या कडेला, पाऊणच फूट रुंद घालावी. पूर्ण रुंदीची केली तर जनावर चढते, पण अंधारात माणूस ठेचकाळतो. चाकाच्या खुर्चीचा उतार एक फुटाला बारा फूट धरतात, तेवढी जागा ज्याच्या अंगणात असेल त्याने तोच करावा, म्हणजे दोन्ही पिढ्यांची सोय होते.

झोळीचे नाव आलेच आहे. म्हाताऱ्या किंवा लंगड्या कुत्र्याला जिना चढवायचा सगळ्यात चांगला उपाय तीच आहे. जुन्या लुगड्याची चौपदरी घडी पोटाखालून, मागच्या पायांच्या थोडी पुढे घ्यायची आणि दोन्ही टोके पाठीवर एका हातात धरायची. कुत्रा स्वतःच चालतो, आपण फक्त कमरेचे वजन उचलतो. नर कुत्र्याच्या मूत्रमार्गावर पट्टा येऊ देऊ नये. इथल्या लोकांना हे दाखवावे लागत नाही, एकदा सांगितले की हात आपोआप बसतो. शेपटीला धरून वर ओढणे मात्र अजून पाहतो, ते बंद झाले पाहिजे.

औषधांविषयी एकच गोष्ट कळकळीने. घरातली अंगदुखीची गोळी जनावराला देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. डायक्लोफिनॅक जनावरांत वापरायला २००६ पासून देशात बंदी आहे. मेलेली गुरे खाऊन गिधाडे मेली, म्हणून ती आली. तालुक्यातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुरांसाठी उभे राहिले, हे खरे. पण तिथले डॉक्टर कुत्र्यालाही तपासतात आणि वजनावरून योग्य औषध सांगतात. शस्त्रक्रिया किंवा मोठ्या तपासण्या लागल्या तर परळ गाठावे लागते. तिथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. आसनगावहून परळ पाऊणशे किलोमीटरांपुढे, आणि मुरबाडला तर अजून रेल्वेही नाही. त्या प्रवासात अर्धमेले जनावर गाडीत कसे चढवायचे आणि आडवे कसे ठेवायचे, यासाठी शेवटचे प्रकरण आहे. बाजारातला बैल टेम्पोत चढवताना आपण गाडी मातीच्या उंचवट्याला मागे लावतो, त्याला उडी मारायला लावत नाही. कुत्र्यासाठीही गाडी तशीच बांधाला लावता येते.

पुस्तिका सलग वाचायची गरज नाही. आधी दोन मापे घ्या. आपल्या जनावराची खांद्यापर्यंतची उंची, आणि घरातल्या प्रत्येक पायरीची, ओट्याची, पलंगाची उंची. पायरी खांद्याच्या निम्म्याहून उंच भरली तर तिथे काहीतरी करायचे आहे, असे समजून त्या प्रकरणाकडे जा. नवे घर बांधणार असाल तर दिवाळीनंतर, जोत्याची आखणी होण्याआधी, ओट्याच्या उताराचे पान मिस्त्रीच्या हातात द्या. त्यावरची मापे फूट-इंचांत आणि चित्रासहित आहेत, त्याला तुमच्याकडून दुसरे काही समजावून घ्यावे लागणार नाही.